उघाडीवरची पदीबाय

पदीबाय वारली तेव्हा तिच्या मुलाने, हरेशने, मला फोन केला होता. माझे गुडघे चालत नव्हते, मी गेले नाही. त्याचं फार वाईट वाटून घ्यावं असंही नाही. जिवंतपणी कुणी सहज भेटायला आलं तरी ती आधी विचारायची, "काय काम काडलास?" काही काम नाही म्हटलं की वालाच्या शेंगांची परडी पुढ्यात सरकवायची. "मंग सोल."

परवा नातीच्या नव्या सोसायटीत पावसाचं पाणी तळमजल्यावर शिरलं. मीटिंग भरली. सगळे शिकलेले लोक एकमेकांवर ओरडत होते, हे पाणी आलं कुठून म्हणून. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मला पदीबाय आठवली. पाणी कुठून येतं हे तिने कधीच विचारलं नाही. ती विचारायची, "पानी जाल कुटं?"

आम्ही साताऱ्याकडचे. आमचे मालक, म्हणजे पोरांचे वडील, मार्केटात ओझी उचलायचे. नव्वदच्या थोडं पुढे आम्ही नेरूळच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावात पदीबायच्या चाळीत खोली घेतली. गावाचं नाव लिहीत नाही, त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि भांडायला उठतील. गावाची शेती सरकारने घेतली होती आणि त्या शेतांवर मुरूम टाकून सेक्टर उभा राहत होता. मुरूम इतका टाकला की सेक्टर वर गेला आणि गाव परातीच्या तळाशी राहिलं. त्यातही आमची चाळ होती ती खालच्या आळीत. दर पावसाळ्यात घरात पाणी. खाटेच्या पायांखाली विटा लावून आम्ही चार महिने काढायचो.

खोली बघायला गेले तेव्हा पदीबायने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उंच, हाडापेराने मोठी बाई. लुगडं आगरी पद्धतीने गुडघ्यावर कसून नेसलेलं, अंगावर सोनं आणि हातात तांब्या.

"सातारकरीन का गो तू?"

"होय."

"कपडे रोज धुतेस का पोरं उघडी ठेवतेस?"

"रोज धुते."

"मंग यो बग." तिने तांब्या दारात ओतला आणि पाणी कुठे जातं ते बोटाने दाखवलं. "ह्या अंगाला टाकाचा. त्या अंगाला टाकलास तं नाम्याच्या चुलीत जाल, आन नाम्या माज्याशी भांडाला येल. तुज्याशी नाय येनार, तू भाडेकरू."

कुठेही गेली तरी तिचं हे चालायचं. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. भाऊ म्हणजे बाळाराम, देवळाजवळच्या वरच्या आळीत त्याचं पक्कं घर. गावात त्याचा शब्द चालायचा. मुलगा उरणकडचा, कंटेनरच्या गोदामात नोकरीला. मुलाचं घर बघायला सगळे गेले, पदीबायच्या आग्रहाने मीही गेले. पोह्यांच्या बशा आल्या आणि पदीबाय दिसेना. ती त्यांच्या मोरीत बादली ओतून, घराच्या मागे जाऊन उभी होती. तिथून ओरडली, "बाला, शेजाऱ्याच्या अंगनात सोडलाय यांनी! सासू भांडकुदल असनार!"

मुलाची आई बशी हातात घेऊन तशीच उभी. बाळाराम लाजेने लाल झाला. लग्न मोडलं नाही. मोरीची नळी मात्र लग्नाआधी वळवून घेतली गेली. पोरगी अजून सुखाने नांदते आहे. सासू भांडकुदळ निघाली ती निघालीच.

जमिनीच्या बदल्यात पदीबायला एक प्लॉट मिळाला. तो सेक्टर आणि खालची आळी यांच्या बरोबर मध्ये. त्याच्या मागच्या बाजूने जुना ओहोळ वाहायचा. वरचं सगळं पाणी त्या ओहोळातून गावच्या तळ्यात येई. हरेशने बिल्डर आणला. बिल्डरने चाळीच्या ओट्यावर नकाशा पसरला आणि समजावून सांगितलं की प्लॉट भरून रस्त्याच्या वर उचलायचा, खाली दुकानाचे गाळे काढायचे, सगळ्या आवाराला लाद्या लावायच्या आणि ओहोळ पाइपात घालून वर स्लॅब टाकायचा.

"पाइप तुंबला तं मना कसा कलंल?" पदीबाय म्हणाली.

"तुंबत नाही आजी. मोठा पाइप आहे."

"गाय मेली वर, वाहून आली. जाल का पायपातून?"

बिल्डर हसला. "आजी, आता गाय कुठून येणार? आता इथे शहर झालं."

"शहरात पानी वर चडतं का रं?"

हरेश चिडला. गाळ्यांपैकी एक त्याला दुकानाला हवा होता. त्याने दिवसभर जेवणाला हात लावला नाही. पदीबायने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि संध्याकाळी तेच वाढलं. तिचं म्हणणं ती रोज तेवढंच सांगायची. आपला प्लॉट भरला की आपलं पाणी नाम्याच्या घरात, शेजारच्या धर्माच्या घरात, स्वतःच्याच चाळीत. "मी वर बसू आन माजे भाडेकरू खाली बुडवू? आयतीच भाडी बुडतील." हे शेवटचं ती माझ्याकडे बघून म्हणायची. माया वगैरे बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

तिने अंगठा दिला नाही. बिल्डर गेला, दुसरा आला, तोही गेला, आणि मग पहिलाच परत आला. इमारत खांबांवर उभी राहिली, खाली जमीन होती तशी. ओहोळ उघडा राहिला, त्याच्या काठाला दगड लावले. मागचं आवार मातीचं. तिथे तिने वाल लावला, भोपळ्याचा मांडव घातला आणि बकऱ्या बांधल्या. हरेशचा गाळा गेला तो गेलाच. पुढे कितीतरी दिवस तो आईशी कामापुरतंच बोलायचा.

इमारतीत मुंबईकडची माणसं राहायला आली. डासांची तक्रार झाली, आणि ती खरी होती. संध्याकाळी तिथे उभं राहवत नसे. बेडकांचीही तक्रार झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई होत्या, शाळेत शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "पदीबाई, बकऱ्या, मांडव, हे सगळं किती गावंढळ दिसतं! पाहुण्यांना आणायची लाज वाटते."

"गावच हाय बाय ह्यो," पदीबाय म्हणाली. "तुमी गावात आलाव. गाव तुमच्यात नाय आला."

पण पुढच्या भोपळ्यातला एक त्या बाईंच्या दारात ठेवला. बाईंनी त्याचे घारगे करून पाठवले. तक्रार मात्र चालूच ठेवली.

एवढं सगळं करून पहिल्याच पावसाळ्यात खालच्या आळीत पाणी आलं. दर वर्षी यायचं तेवढंच आलं. गावाला हसायला कारण मिळालं. नाम्या सगळ्यांदेखत म्हणाला, "पोराचा गाला घालवलास, आन माजी चूल भिजली ती भिजलीच." पदीबाय वाल सोलत राहिली. 

तेव्हा सरकारी ऑफिसातला एक ओव्हरसियर गटारांच्या पाहणीला यायचा. विदर्भातला पोरगेला माणूस, स्कूटरवरून यायचा, कपाळावर सतत घाम. पदीबाय त्याला रस्त्यात अडवायची आणि सेक्टर उंच का केलात म्हणून शिव्या द्यायची. एकदा तो स्कूटरवरून उतरला आणि म्हणाला, "चला आजी, दाखवतो." तिला आणि मला घेऊन तो बांधावर गेला.

गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध आहे. बांधाच्या आत तळं. बांधाच्या पोटात एक दार, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी आलं की उघाडीचं झडप आपोआप मिटतं आणि ओहोटी लागली की तळ्यातलं पाणी ते ढकलून खाडीत निघून जातं. गावाने दर वर्षी उघाडीवरच्या मासळीचा लिलाव करायचा, पैसा गावदेवीच्या पालखीला द्यायचा. ज्याने लिलाव घेतला तो आतल्या बाजूने लाकडी फळ्या घालून तळं भरलेलं ठेवायचा, म्हणजे त्यातला जिताडा मासा मोठा होतो. वर्षानुवर्षं लिलाव बाळाराम घेत होता.

ओव्हरसियर साहेब म्हणाला, "सेक्टर उंच केला, त्याने पाणी वाढलं. ते खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण भरतीच्या वेळी हे पाणी थांबणार कुठे? या तळ्यात. आणि तळं तर तुम्हीच आधी भरून ठेवलंय माशांसाठी. भरलेल्या हंड्यात अजून किती ओताल?"

पदीबाय त्याच्यावर खेकसली. "आमच्या बापजाद्यांनी फल्या घातल्या. तवा नाय आयला पानी घरात."

"तेव्हा वर शेतं होती. शेतं पाणी पीत होती."

ती तरातरा निघून आली. पण त्यानंतर ती रोज बांधावर जाऊन बसायला लागली. भरती, ओहोटी, पाऊस, फळ्या. काय बघत होती ते मला विचारायची गरज नव्हती. एक दिवस येऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "त्यो पोऱ्या खरा बोलतंय गो. आमीच आमच्या घरात पानी घेतलाय."

भावाकडे गेली. फळ्या काढ म्हणाली. बाळारामने चहा दिला आणि नाही म्हटलं. पुन्हा गेली. तेव्हा चहाही मिळाला नाही.

लिलाव मे महिन्यात गावदेवीच्या अंगणात व्हायचा. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीला लागून उभ्या. बाळारामने बोली लावली. त्याच्यापुढे कोणी बोली लावत नसे. पंच म्हणाले, एक वार. आणि भिंतीकडून पदीबायने बोली वाढवली.

आधी कोणाला कळलंच नाही आवाज कोणाचा. मग एक पंच म्हणाला, "बाया बोली लावत नाय, पदीबाय."

"देवी बाय हाय का बाप्या?"

बायका पदर तोंडात धरून हसल्या. पंचाने तिची बोली धरली.

बाळाराम उठून उभा राहिला. "पदे, घरी जा."

"घर खाली हाय माजा, पान्यात. तूच जा तुज्या घरी. सुका हाय."

त्याने बोली वाढवली, तिनेही वाढवली. हरेश माझ्या शेजारी उभा होता, त्याचा चेहरा उतरला होता. आधी गाळा गेला आणि आता हे. पण तो आईला थांबवायला पुढे गेला नाही. शेवटी बाळाराम चपला घालून निघाला. जाताना म्हणाला, "मासा घेऊन काय करशील? तुना जाल तरी टाकता येतंय का?"

"मासा नको मना. फल्या पायजेत."

दुसऱ्या दिवशी तिने फळ्या उपसून घरी आणल्या आणि त्यांवर तांदळाचे डबे मांडले.

त्या पावसाळ्यात खालच्या आळीत पाणी शिरलं नाही. जोराच्या पावसातही अंगणात येऊन थांबायचं आणि ओहोटी लागली की सरकायचं. नाम्याच्या बायकोने चूल पुन्हा जमिनीवर घातली. आमच्या मालकांनी खाटेखालच्या विटा काढल्या. मी म्हटलं, राहू द्या अजून. ते म्हणाले, मला उंच झोपून पडल्यासारखं वाटतं. पदीबाय आळीतून चालायची ती असं की जणू पाऊसच तिने लिलावात घेतला आहे.

मग भाद्रपद आला. त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर पावसाने उघडीप दिली. दीड दिवसाचे गणपती डोक्यावर घेऊन सगळं गाव टाळ वाजवत तळ्यावर आलं आणि काठावर थांबलं. तळ्यात पाणी नव्हतं. मध्ये थोडं डबकं, बाकी चिखल. दर ओहोटीला निघून गेलं होतं. हे पदीबायच्या ध्यानात आलं नव्हतं, साहेबाच्याही नाही, माझ्याही नाही.

टाळ थांबले. बाळाराम स्वतःचा गणपती डोक्यावर घेऊन उभा होता. तो म्हणाला, "पदे, ये. बुडव आता."

तिने कारण सांगितलं नाही. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "चुकला माजा." मग मूर्त्या बांधावरून पलीकडे खाडीत न्यायचं ठरलं. खाडीलाही ओहोटी होती. भरती येईपर्यंत देव मांडीवर घेऊन माणसं बांधावर बसून राहिली. पोरं पेंगली, ओवाळायचे दिवे वाऱ्याने विझले. बांध चढताना बाळारामचा पाय घसरला होता आणि त्याच्या गणपतीचा हात निखळला होता. त्याने तो तुकडा उचलून खिशात ठेवला. त्या भाऊबीजेला तो बहिणीकडे आला नाही. तिने पाट मांडला होता. उन्हं कलल्यावर उचलला.

मला वाटलं आता ही फळ्या परत करील. कोणीही केल्या असत्या. ती साहेबाच्या ऑफिसात जाऊन त्याच्या टेबलासमोर बसली.

"तुमच्या गावाला गनपती कुटं बुडवतात?"

"विहिरीत," साहेब म्हणाला.

"आमच्याकडं तला हाय. त्यो रिकामा नाय ठेवाचा आन भरलेला बी नाय ठेवाचा. कसा कराचा ते सांग. नाय सांगितलास तं मी इथून उठत नाय."

तो आला. तळ्याच्या दगडी पायऱ्या उतरला, पुन्हा चढला, लोकांना विचारलं पाणी कुठपर्यंत असलं की मूर्ती बुडते. मग एका पायरीवर लाल रंगाचा पट्टा ओढला. पावसात पाणी या पायरीच्या वर ठेवायचं नाही. विसर्जनाच्या आधी फळ्या घालायच्या, विसर्जन झालं की काढायच्या. पावसाळा सरला की मासळीसाठी तळं हवं तेवढं भरा. त्याचं समाधान झालेलं नव्हतं. "नेमका विसर्जनाच्या दिवसांतच मोठा पाऊस झाला तर?"

"तं मी बसन बांधावर. आयला पाऊस का काडीन फल्या."

पंचांना पटवायला तिला सगळा हिवाळा लागला. घरोघर गेली. ज्यांनी तोंडावर दार लावलं त्यांच्या ओट्यावर बसून राहिली, वाल सोलत. अखेर लिलावाला ती अट लागली. जो घेईल त्याने पायरी पाळायची. पुढच्या मे महिन्यात बाळारामने लिलाव परत घेतला. पदीबायने बोली लावली नाही. डब्यांखालच्या फळ्या धुऊन हरेशबरोबर त्याच्याकडे पाठवल्या. बाळारामने पायरी पाळली. देवीपुढे शब्द दिला होता म्हणून पाळली, बहिणीसाठी नव्हे. तिच्याशी तो बोलत नव्हता. समोरून आली तर रस्ता बदलायचा.

मी तिला शेवटचं पाहिलं ते श्रावणात. पुढच्याच आठवड्यात आम्ही कोपरखैरण्याला बोनकोड्याजवळ राहायला जाणार होतो. हरेशच्या मुलीचं बारसं होतं, नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. पदीबायने रेशमी लुगडं नेसलं होतं आणि अंगावर होतं नव्हतं ते सगळं सोनं घातलं होतं. भावाला बोलावणं गेलं होतं. वहिनी आली होती, तो आला नव्हता. पाऊस सकाळपासून कोसळत होता आणि भरतीची वेळ जवळ आली होती.

पाळण्याची दोरी धरायला आत्याला पुढे बोलावलं आणि पदीबाय खिडकीशी. ती खाली ओहोळाकडे बघत होती. ओहोळ फुगला होता. वरून कोणाची तरी जुनी गादी वाहून आली होती आणि ओहोळावरच्या लहान पुलाखालच्या तोंडात अडकली होती. पाणी काठ सोडून खालच्या आळीकडे वळायला लागलं होतं.

ती जिना उतरली. तशीच, सोन्यासकट, छातीएवढ्या पाण्यात शिरली आणि ओरडली, "खांड! खांड गेली!"

खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. शेती होती तेव्हा ही हाक कानावर आली की ताटावरून उठून धावायचं, शेत कोणाचं ते विचारायचं नाही, भांडण कोणाशी तेही आठवायचं नाही. शेती गेल्यापासून ती हाक गावात कोणी दिली नव्हती. बांध तर त्या दिवशी शाबूत होता. वरच्या मजल्यांवरची माणसं गॅलरीत येऊन बघू लागली, त्यांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. गावाला होता. बारशाची माणसं उठायच्या आधी देवळाच्या बाजूने एक माणूस पावसात धावत आला, लुंगी वर बांधलेली, हातात फावडं. बाळाराम.

तो सरळ पाण्यात उतरला.

"मागून ये," पदीबाय म्हणाली. "पुडून नको, खेचून नेल."

"तू गप. वड."

भिजलेली गादी माणसापेक्षा जड असते. दोघांनी ओढली, हलली नाही. मग हरेश आला, नाम्या आला, आमचे मालक आले. दुसऱ्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाईंनी नवऱ्याला खाली पाठवलं आणि त्यालाही काय करायचं ते कळेना तेव्हा स्वतः आल्या, साडी खोचून. गादी फाटली, कापूस निघाला, आणि एकदम पाण्याने आवाज केला. तोंड मोकळं झालं. तळं पायरीच्या खालीच होतं, जागा होती. आळीत निघालेलं पाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन मागे फिरलं.

पदीबाय काठाच्या दगडावर बसली. रेशमी लुगडं वाया गेलं होतं. अंगभर गादीचा कापूस चिकटला होता. बाळाराम लुंगी पिळत उभा होता, तिच्याकडे न बघता. पाळण्याची गाणी वर अर्धवट राहिली होती.

"जेवून जा," ती म्हणाली.

"पाय चिखलाचे हायत."

"मंग धू."

 त्याने फावडं तिच्या शेजारी टेकवून ठेवलं, काठावर बसला आणि त्या वाहत्या ओहोळात पाय सोडून धुवायला लागला.